सुमेधाची मूठ

"अरे दादा, मोडकं होतं ते," देवश्री फोनवर म्हणाली, आणि सुमंतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ते कपाटासमोर उभे होते. सुमेधाला, त्यांच्या बायकोला, जाऊन महिना उलटला होता आणि त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांनी तिच्या खोलीतलं कपाट उघडलं होतं. साड्या होत्या तशा होत्या. औषधांचा डबा जागेवर होता. खालच्या कप्प्यात तिचा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेमचा डबा आणि रिमोट असायचा. तिथे अंथरलेलं वर्तमानपत्र तेवढं उरलं होतं.

"मोडकं आहे असं तुला कोण म्हणालं?"

"कोणी कशाला म्हणायला हवं? दिसतच होतं. रिमोटच्या एका बाजूला तो काळा ओबडधोबड गोळा, आतून वायरी बाहेर आलेल्या, त्यांना शिलाई मशीनची पायडलं लावलेली. मला वाटलं पडून फुटला असेल, म्हणून तू एम-सील थापलं असशील. आणि तेराव्याच्या शय्यादानात फुटकं, जोडलेलं काही द्यायचं नसतं रे. वस्तू धड लागते."

"शय्यादानात दिलास?"

"तूच तर सांगितलंस! मी विचारलं नव्हतं का तुला, वहिनीला कशाची आवड होती? माणसाच्या आवडीचं दिलं की ते त्याला पोचतं. तू म्हणालास, गेमची. म्हटलं ठीक आहे, लोक काय म्हणायचं ते म्हणोत, वहिनीची आवड ती आवड. सावेडीतल्या त्या दुकानात नेऊन रिमोट दुरुस्त करून घेतला मी. अगदी नव्यासारखा करून दिला त्या मुलानं."

सुमंतरावांना ते दिवस नीट आठवतही नव्हते. गादी, छत्री, चपला, समई, तांब्या, आणि पांढऱ्या कापडाखाली काहीतरी चौकोनी. गुरुजी म्हणाले पाणी सोडा, त्यांनी पाणी सोडलं. कापडाखाली काय आहे ते त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी कोणी त्यांना स्वतःच्या चपला दान द्यायला सांगितल्या असत्या तरी दिल्या असत्या.

"आणि तो काळा गोळा?" त्यांनी विचारलं.

"कुठला? तो होय. टाकला असेल त्यानं. दादा, तू चिडलायस का? अरे, मी चांगल्यासाठीच..."

त्यांनी फोन ठेवला. बहिणीचा फोन असा मध्येच त्यांनी आयुष्यात कधी ठेवला नव्हता. पण चांगल्यासाठी हा शब्द पुन्हा कानावर पडला असता, तर तोंडातून काय गेलं असतं ते त्यांनाच माहीत.

दुरुस्त करून घेतला म्हणे. जे आयुष्यात सगळ्यात जास्त दुरुस्त होतं, तेच दुरुस्त करून घेतलं!

सुमेधा प्राथमिक शाळेत बाई होती. तिचं फळ्यावरचं अक्षर बघायला दुसऱ्या वर्गातली मुलं यायची. पुढे संधिवातानं हात धरले. आधी बोटं सुजली, मग वाकली, मग वाकलेलीच राहिली. डावा हात खांद्यापासून वर जाईना. उजव्यात थोडी धुगधुगी होती. खडू सुटला, मग लाटणं सुटलं, मग केसांची वेणी सुमंतराव घालायला लागले. वेणी वाकडी व्हायची. ती म्हणायची, "असू दे, मला कुठं दिसतेय?"

त्यांचा मुलगा शौनक नोकरीसाठी बंगळुरूला गेला तेव्हा त्याचा गेमचा डबा घरी राहिला होता. त्यात मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ होता. एकदा सुमेधा म्हणाली, "मला गाडी चालवायचीय." जन्मभर ती त्यांच्या स्कूटरवर मागे बसली होती, स्वतः कधी सायकलही चालवली नव्हती. सुमंतरावांनी रिमोट तिच्या हातात दिला. तिनं धरला. दोन वळणांतच तो बोटांतून निसटून फरशीवर पडला. ती काही बोलली नाही. उठली आणि चहा टाकायला गेली.

ते काही न बोलणं सुमंतरावांना सहन झालं नाही.

नोकरीभर ते टेलिफोन एक्सचेंजमध्ये तंत्रज्ञ होते. सोल्डरिंगची बंदूक घरात होतीच, आणि एखादी वस्तू उघडायची भीती त्यांना कधी वाटली नव्हती. मोबाईलवर पाहिलं तर जगभर लोक हे रिमोट उघडून बसलेले. कोणी आत दिवे बसवतो, कोणी बटणं बदलतो, कोणी जुन्या डब्यात नवा पंखा घालतो. छंद म्हणून. सुमंतरावांना दिव्यांशी देणंघेणं नव्हतं. त्यांना एका बाईचा एक हात त्या यंत्रात बसवायचा होता.

अंगठ्यानं फिरवायच्या दांडीची स्प्रिंग फार कडक होती. ती काढून त्यांनी बॉलपेनची मऊ स्प्रिंग कापून घातली. डाव्या दांडीचं काम आतल्या तारा बदलून उजव्या दांडीला दिलं. वेग आणि ब्रेकची बटणं बोटांनी दाबायची असतात, त्यांच्या तारा बाहेर काढून शिलाई मशीनच्या दोन पायडलांना जोडल्या. म्हणजे गाडी पायांनी पळायची आणि पायांनीच थांबायची, खऱ्या मोटारीसारखी. हे सगळं जमायला बरेच दिवस गेले आणि दोन रिमोट जळाले.

शेवटी राहिली मूठ. तिच्या वाकड्या बोटांत रिमोट टिकेना. मग त्यांनी एम-सीलचा काळा आणि पांढरा भाग कणकेसारखा मळला, रिमोटच्या उजव्या बाजूला खोबरेल तेलाचा हात फिरवला, म्हणजे पुढे कधी मूठ अलगद काढता येईल, आणि गोळा थापून तिला म्हणाले, "आता धर. तुझी बोटं जशी जातात तशी जाऊ दे. सरळ करायला जाऊ नकोस."

तिनं धरलं. वाळेपर्यंत हात हलवायचा नव्हता. ती म्हणाली, "मेंदी काढून बसल्यासारखं वाटतंय." थोड्या वेळानं म्हणाली, "अहो, नाक खाजतंय माझं." डावा हात वर जात नव्हता, उजवा अडकलेला. सुमंतरावांनी तिचं नाक खाजवलं. ती म्हणाली, "तिथं नाही, जरा वर. काय हो, तीस वर्षं झाली लग्नाला, माझं नाक कुठं आहे माहीत नाही तुम्हाला?"

वाळल्यावर त्या गोळ्यात पाच खाचा होत्या. अंगठ्याची उथळ, मधल्या बोटांच्या एकमेकींकडे कललेल्या, आणि करंगळीची अगदी आत वळलेली. तो आकार दुसऱ्या कुणाच्याच हाताला बसला नसता. त्या दिवसानंतर रिमोट तिच्या हातातून पडला नाही. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की सुमेधा बाई शर्यतीला बसायच्या आणि पडद्यावरच्या मोटारींवर ओरडायच्या, "ए, रांगेत चला रे! ढकलाढकली नाही करायची!" पहिल्या आल्या की खालच्या मजल्यावरच्यांना कळायचं.

आणि हे मोडकं होतं म्हणे.

फोन पुन्हा वाजला. शौनक होता. आत्यानं लगेच त्याला कळवलेलं दिसत होतं.

"बाबा, तुम्ही त्रास करून घेऊ नका. मी नवा कंट्रोलर मागवतो. आताच्या मॉडेलमध्ये तर खूप..."

"कोणाच्या हातात देऊ नवा?" सुमंतराव म्हणाले.

"तसं नव्हतं म्हणायचं मला, बाबा."

"शौनक, तुझा राग नाही. पण मला नवं काही देऊ नकोस. घरात कोणी गेलं की सगळे नवं घेऊन येतात. नव्या चादरी, नवं पातेलं. मला जुनं हवंय. तेवढंच." एवढं बोलून त्यांनी पायात चपला घातल्या आणि स्कूटर काढली.

दुकान त्यांच्या घरापासून लांब नव्हतं. काचेच्या कपाटांत रिमोट मांडलेले, जांभळे, हिरवे, आरपार दिसणारे, बटण दाबलं की उजळणारे. दुकान चालवणारा हर्षल तिशीचा, कपाळावर भिंग लावून काहीतरी उघडून बसलेला. सुमंतरावांची नजर आधी त्याच्यामागच्या फळीवर गेली. तिथे शौनकचा गेमचा डबा होता. कोपऱ्यात हळदीचं बोट उमटलेलं, सुमेधानं एकदा दसऱ्याला त्याची पूजा केली होती. त्यावर चिठ्ठी: विकणे आहे, उत्तम स्थितीत, कंट्रोलर ओरिजिनल.

"हा इथं कसा?"

"एका गुरुजींनी आणून विकला काका, परवा. त्यांना दानात आला म्हणे. ते म्हणाले, मी याचं काय करू, माझ्याकडे टीव्हीच नाही."

सुमेधाला म्हणे पोचणार होता. बसलाय फळीवर, गिऱ्हाइकाची वाट बघत! पण डब्यासाठी ते आले नव्हते.

"याच्या कंट्रोलरवर काळी मूठ होती. एका बाई दुरुस्तीला घेऊन आल्या होत्या तुझ्याकडे. ती मूठ कुठाय?"

हर्षलनं भिंग वर केलं. "अरे! ते काम तुमचं होतं? काका, भारी होतं हो! मी फोटो काढून ठेवलाय." त्यानं उत्साहानं मोबाईल पुढे केला. छंदी लोकांच्या एका ग्रुपवर त्यानं फोटो टाकला होता. वर लिहिलं होतं, 'आमच्या नगरचा जुगाड बघा.' खाली लोकांनी हसून लोळणारे चेहरे टाकलेले. एकानं लिहिलं होतं, 'हा कंट्रोलर आहे का शेणाची गोवरी?' दुसऱ्यानं, 'याला आधी कोणीतरी दवाखान्यात न्या.'

सुमंतरावांनी सगळं वाचलं. शेवटपर्यंत.

"यातल्या एकानं तरी विचारलं का, हा कोणाच्या हातासाठी आहे म्हणून?"

"काका, ते असं मजेत..."

"तुम्ही सगळे रंग बदलता, दिवे लावता. लावा. माझं काही म्हणणं नाही. पण यात एक काम झालं होतं रे. ज्या बाईला स्वतःचं नाक खाजवता येत नव्हतं ती या मुठीवर मोटार चालवत होती. तुला भिंगातून एवढंही दिसलं नाही? तारा कुठून कुठं गेल्यात ते तरी पाहिलंस की तेही नाही?"

"पाहिलं," हर्षल हळूच म्हणाला. "दांडीच्या तारा अदलाबदल केल्या होत्या. कळलं मला की मुद्दाम केलंय. मी त्या बाईंना म्हणालोसुद्धा, हे कोणीतरी बनवलंय. त्या म्हणाल्या, असू दे, ओरिजिनल कर, दानाचं आहे. गिऱ्हाईक सांगेल ते करायचं, काका."

"आणि मूठ? टाकलीस?"

"नाही, नाही! टाकायला जीव झाला नाही. अलगद निघाली ती, खाली तेल लावलं होतं ना तुम्ही. एका गरजूला दिली." त्याचा चेहरा पुन्हा जरा उजळला. "पाथर्डीकडचा गोरक्ष म्हणून एक जण येतो माझ्याकडे. कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली त्याची. म्हटलं अपंगासाठीच बनवलेली दिसतेय, त्याला उपयोग होईल. तुमच्या मिसेसना पुण्यच लागेल, काका."

इथे मात्र सुमंतरावांचा आवाज चढला. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मान बाहेर काढून पाहिलं.

"एकाचा चष्मा दुसऱ्याला देतोस का तू? दोघांनाही कमी दिसतं म्हणून? एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात बसवतोस? माझ्या बायकोला पाच बोटं होती, वाकडी होती. त्याला तीन आहेत, सरळ आहेत. अपंग म्हटलं की झालं, सगळे एकाच मापाचे! आणि पुण्य कसलं? ती मूठ काय सार्वजनिक नळ आहे, कोणीही यावं आणि भरून न्यावं?"

हर्षलनं मान खाली घातली. मग म्हणाला, "काका, एक सांगू? चिडू नका. तो कालच म्हणत होता, मूठ हाताला लागत नाही. मी म्हटलं, कानशीनं घासून तुझ्या मापाची कर."

"घासून?"

"आज घासणार होता." त्यानं लगेच फोन लावला. गोरक्षचा फोन बंद होता. पुन्हा लावला, बंद. "काका, मी शटर ओढतो, माझ्या गाडीवर..."

"तू राहू दे. तुझं पुरे झालं. गावाचं नाव सांग."

स्कूटर स्टँडवर लावून ते पाथर्डीच्या एसटीत चढले, खिडकी मिळाली. करंजीचा घाट चढताना गाडी गुरगुरत होती आणि सुमंतरावही. देवश्रीला मनातल्या मनात त्यांनी चार वेळा उत्तर दिलं, हर्षलला सहा वेळा, आणि गोवरी म्हणणाऱ्या त्या अनोळखी माणसाला तर घाट संपेपर्यंत. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पावनं, कुनाशी भांडताय?" सुमंतराव म्हणाले, "सगळ्यांशी." म्हातारा म्हणाला, "मंग चालू द्या," आणि डोळे मिटले.

पाथर्डीतून जीप. जीपवाल्याला गोरक्षचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, "बोटं तुटलेला का? त्याची मोबाईल रिचार्जची टपरी हाय, पर आज बंद दिसतीय. घरीच आसंल." गावातली बरीच घरं कुलपात होती. माणसं ऊसतोडीला गेलेली. गोरक्षच्या दारात मात्र त्याची आई रंगुबाई तूर पाखडत होती, आणि ओट्यावर चोविशीचा एक मुलगा गुडघ्यांत काहीतरी धरून कानस मारत होता.

कर्र, कर्र.

"थांब!" सुमंतराव जीपमधून उतरतानाच ओरडले. "थांब रे! हात काढ!"

गोरक्ष दचकला. कानस खाली पडली. रंगुबाईचं सूप हातातच राहिलं.

"कोन वो तुमी?"

सुमंतरावांनी उत्तर न देता ओट्यावर जाऊन मूठ हातात घेतली. उलटी केली. अंगठ्याची खाच होती. तर्जनीची होती, मधल्या बोटाची होती, अनामिकेची होती. करंगळीच्या जागी सपाट, पांढुरकं, नुकतंच घासलेलं. ओट्यावर काळा भुगा पडला होता. ते भुग्याकडे बघत राहिले. वाऱ्यानं त्यातला थोडा उडाला.

"काका, बसा आधी," गोरक्ष म्हणाला. "काय झालं? हर्षलदादानं दिलंय मला ते. चोरलं न्हाई."

"ही माझ्या बायकोची मूठ आहे. तिच्या हाताची. ती गेली."

रंगुबाईनं सूप खाली ठेवलं. ती जवळ आली, मुठीकडे पाहिलं, आपला हात जरा लांब धरून त्या खाचांच्या वरून फिरवला, न शिवता. मग पोराकडे वळली. "भाड्या! लोकाच्या मेलेल्या बायकोचा हात घासाया बसला व्हय रं तू!"

"आये, मला काय म्हाईत? फुकट दिलं म्हून घेतलं. आन् खरं सांगू का काका, बसतच न्हवतं ते माझ्या हाताला. करंगळीची खाच अशी आत वळल्याली, माझी करंगळी दुखून आली. म्हनलं ही खाच चुकून वाकडी पडलीय, सरळ करू."

"चुकून पडलेली नव्हती ती." सुमंतराव म्हणाले. "वाकडीच होती. वाकडी होती म्हणून तर बनवली. जो तो सरळ करायला निघालाय. बहिणीला सरळ करायचं होतं, दुकानदाराला ओरिजिनल करायचं होतं, आता तू. तिची बोटं सरळ नव्हती रे! डॉक्टरांना झाली नाहीत सरळ, तुम्ही करणार?"

रंगुबाईनं पडलेली कानस उचलून बाजूला ठेवली. मग गोरक्षनं थोड्या ताठ्यानं विचारलं, "पर काका, एक सांगा. हर्षलदादा म्हनला हे दानातलं हाय. दान दिल्यालं परत घेत्यात का?"

सुमंतरावांनी मान वर केली. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना बरं उत्तर सुचलं होतं.

"दानात नव्हती ही. मोडकी वस्तू दानाला चालत नाही म्हणून माझ्या बहिणीनं ही काढून टाकायला लावली. त्यांनी हिला मोडकी ठरवलं, म्हणून ही दिलीच गेली नाही. म्हणजे ही अजून माझीच आहे."

गोरक्षनं डोकं खाजवलं. "हे बराबर हाय," तो म्हणाला. रंगुबाईनंही मान हलवली. असल्या गोष्टींत ती कायद्याची पक्की दिसत होती.

सुमंतरावांनी मूठ रुमालात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. आता निघायला हरकत नव्हती. जीपवाला हॉर्न देत होता. पण ओट्यावर गोरक्षचा कंट्रोलर पडला होता, त्याला रबराच्या चपलेचा तुकडा सुतळीनं बांधलेला. त्यानं स्वतःच काहीतरी करून पाहिलेलं. सुतळी सुटलेली. सुमंतरावांनी तो उचलला, उजवीकडची बटणं दाबून पाहिली आणि गोरक्षच्या हाताकडे पाहिलं. तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलेलं.

"वरचं बटण कशानं दाबतोस?"

"अनामिकेनं. पर मग पकडाया काय राहत न्हाई. निसटतंय."

"निसटणारच. ही सुतळी कोणी सुचवली? तिकडचं बटण तळहाताकडे घ्यायला पाहिजे. आणि तुझ्या मापाची मूठ." ते अजून रागातच होते. आवाजात तसूभर मऊपणा नव्हता. "एम-सील मिळतं का गावात?"

"घरात हाय," रंगुबाई म्हणाली. "टाकी गळतीय म्हून आनलंय. हा चार दिस झाले लावीन लावीन म्हनतोय."

"टाकीला दुसरं आणा. हे द्या."

जीपवाल्याला त्यांनी हातानं जा म्हणून सांगितलं. रंगुबाईनं एम-सील आणून दिलं आणि खोबरेल तेलाची बाटलीही, न मागता. सुमंतराव ओट्यावर मांडी घालून काळा आणि पांढरा भाग मळायला लागले. दोन्ही हात भरले असताना त्यांचा फोन वाजला. खिशातून गोरक्षनं काढला, "कुनी देवश्री हाय," म्हणाला आणि न विचारता स्पीकरवर टाकला.

"दादा? कुठं आहेस तू? सकाळपासून फोन करतेय. त्या दुकानातल्या मुलाला विचारलं मी, तो म्हणाला तू पाथर्डीला गेलास. मिळालं का रे?"

"मिळालं. करंगळी गेली."

"दादा, मला खरंच वाटलं मोडकं आहे."

"नव्हतं."

"हो रे. आता झालं ना, मिळालं ना? मग सोड की राग."

"राग सोडायचा नाहीये मला, देवश्री. राग असू दे. तू एवढंच म्हण, मोडकं नव्हतं."

रंगुबाई तुरीवरचा हात थांबवून ऐकत होती. गोरक्ष फोन धरून उभा होता, जसा कोणी दुसऱ्याच्या साक्षीला उभा असतो.

"नव्हतं मोडकं," देवश्री म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "दादा, ती कशी खेळायची ते मला एकदाही दाखवलं नाही रे तिनं. मी आले की ती ते कपाटात ठेवायची."

हे सुमंतरावांना माहीत नव्हतं. ते मळायचे थांबले. सुमेधा नणंदेसमोर हात पदराखाली घ्यायची, ते त्यांनी पाहिलं होतं. कपाटाचं लक्षात आलं नव्हतं. राग होता तिथेच राहिला. फक्त आता तो नेमका कोणावर आहे ते त्यांना सांगता आलं नसतं.

"ये एकदा," ते म्हणाले. "मी दाखवतो. डबा सोडवून आणतो दुकानातून, तारा पुन्हा जोडतो." आणि गोरक्षला मानेनं फोन बंद करायची खूण केली.

गोळा तयार झाला होता. कंट्रोलरच्या उजव्या बाजूला तेल लावून त्यांनी तो थापला आणि गोरक्षपुढे धरला. "धर. बोटं जशी जातात तशी जाऊ दे. नाहीत तिथे नाहीत. ओढूनताणून आकार द्यायचा नाही."

गोरक्षनं धरलं. काळ्या गोळ्यात अंगठा आणि दोन बोटं रुतली. जिथे बोटं नव्हती तिथे गोळा जाड राहिला.

"किती येळ धरायचं?"

"मी सांगेपर्यंत. हलायचं नाही."

रंगुबाईनं चहा ठेवला. समोरच्या बंद घराच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती. सुमंतराव पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, रुमालातली मूठ कापडातून चाचपत. चार खाचा लागत होत्या. पाचव्या जागी बोट सरळ घसरत होतं.

जरा वेळानं गोरक्ष चुळबुळला. "काका."

"हलू नकोस म्हटलं ना!"

"न्हाई हलत. पर नाक खाजतंय वो."

सुमंतरावांनी झटकन त्याच्याकडे पाहिलं. मग तोंड दुसरीकडे फिरवलं.

"डावा हात धड आहे ना तुझा?" ते खेकसले. "मग खाजव की त्यानं! मला काय सांगतोस?"